जोड्यांच्या कपाटाखालचा संगणक

मित्रांनो, कुणाच्या घरी गेलात की तुम्ही दारात जोडे काढता आणि सरळ आत जाता. जोड्यांच्या कपाटाखाली वाकून कोणी पाहत नाही. आमच्या घरी पाहिले असते, तर तुम्हाला करड्या पत्र्याचा एक खोका दिसला असता. तो मी. मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही, माऊसही नाही. समोर एक हिरवा दिवा आणि मागे एक पंखा, एवढाच माझा थाट. तरीही थोडी छाती काढून सांगतो, की सात वर्षे या घरात बाहेरून आलेले प्रत्येक पत्र आणि घरातून बाहेर गेलेला प्रत्येक शब्द माझ्यातून गेला.

माझा जन्म एका दुकानात, स्क्रू आणि पट्ट्यांच्या पसाऱ्यात झाला. बाबांनी मला पुलांचे आराखडे काढण्यासाठी घेतले. चार वर्षे मी कमानी आणि खांब काढले. मग पूल मोठे झाले, आराखडे जड झाले आणि मी धापा टाकू लागलो. एक रेघ उमटायला इतका वेळ लागे, की बाबा तेवढ्यात चहा करून आणत. शेवटी त्यांनी नवा संगणक घेतला आणि मी पलंगाखाली गेलो. तिथे एक तुटकी बॅडमिंटनची रॅकेट आणि मी, असे दोघे दीड वर्ष राहिलो.

त्या काळात घरात इंटरनेट आले. भिंतीतून एक वायर मोडेम नावाच्या डबीत यायची आणि डबीतून एकच वायर बाहेर निघायची. संगणक मात्र चार झाले होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसे ज्याच्या संगणकात वायर त्याचे इंटरनेट. बाबा वायर ओढत आपल्या खोलीत नेत, आई ती परत आणी, आणि मधल्या मध्ये त्यांची मुलगी ठकू ती हळूच उपसून स्वयंपाकघराशेजारच्या तिच्या टेबलापर्यंत पळवी. वायरच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडली. मग ती काडेपेटीची काडी खोचून बसवावी लागे.

"एक दिवस कोणीतरी या वायरीत अडकून पडणार," आजी म्हणाली, "आणि ती मीच असणार."

आई कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. तिने एका दुपारी मला पलंगाखालून ओढले, झाकण काढले आणि रंगाच्या ब्रशने माझ्यातली धूळ झाडली. रॅकेट तिथेच राहिली, याचे मला अजून वाईट वाटते. मग तिने माझ्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले. म्हणजे मला आता दोन तोंडे झाली. एक तोंड मोडेमकडे, बाहेरच्या जगाकडे. दुसरे तोंड पाच खाचांच्या एका छोट्या डबीकडे, तिला हब म्हणतात. हबमधून चार वायरी भिंतीच्या कडेने चार संगणकांपर्यंत गेल्या. मला जोड्यांच्या कपाटाखाली ठेवले, कारण मोडेम तिथेच होता.

माझे काम तुम्हाला सांगतो, ते सोपे आहे. बाहेरच्या जगाला या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आत चौघे चार गोष्टी मागतात. कोणी काय मागितले याची मी मनात नोंद ठेवतो, सगळ्यांची मागणी घराच्या एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ज्याचे त्याला देतो. ठकूच्या ग्रहांची चित्रे कधी बाबांच्या आराखड्यात गेली नाहीत. हे सगळे छोट्या छोट्या पाकिटांतून ये-जा करते, पण पाकिटे मी फोडत नाही. वरचा पत्ता पाहतो, आत काय आहे ते पाहत नाही.

हे सगळ्यांत आधी कळले ते आजीला. आजीने एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षे टेलिफोन ऑपरेटरचे काम केले होते.

"आमच्या बोर्डावर हेच चालायचं," ती आईला म्हणाली. "बाहेरून नंबर एकच. आत एकशे वीस खोल्या. कोणाला कोण हवंय ते ऐकायचं, दोरी लावायची आणि बाजूला व्हायचं. हा खोका माझ्याच धंद्यातला आहे."

त्या दिवसापासून जोडे काढताना आजी माझ्या डोक्यावर एक टिचकी मारू लागली. इतके मोठे कौतुक मला चार वर्षे पूल काढूनही मिळाले नव्हते.

ज्याचे त्याला पोचवायचे तर प्रत्येकाला नंबर हवा. मला पहिला, म्हणजे एक नंबर मिळाला, कारण दार मी होतो. बाकीच्यांचे नंबर आईने ज्येष्ठतेने लावले. एका पुठ्ठ्यावर तिने सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आजी दोन. आई तीन. बाबा चार. ठकू पाच.

"तुझा तीन आणि माझा चार?" बाबांनी विचारले.

"मी पाच महिन्यांनी मोठी आहे."

"पाच महिन्यांसाठी?"

"पाच महिने म्हणजे पाच महिने," आई म्हणाली. प्रयोगशाळेतली बाई. तिच्याकडे अंदाजे काही नसते.

नंबर लहान म्हणजे मान मोठा, असे मग सगळ्यांनी धरूनच टाकले. खरे तर मला दोन काय आणि दोनशे काय, सारखेच. पण हे मी सांगणार कसे? मला पडदा नव्हता.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

बाबांना एक बहीण. घरात सगळे तिला बेबी म्हणतात, ठकूची ती आत्या. ती डॉक्टर. जगाच्या पार दक्षिणेला बर्फावर एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांवर उपचार करायला वर्षभर जाण्याचे तिने ठरवले. आजीला ते मान्य नव्हते. आजोबांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आत्या निघाली त्या दिवशी आजी खोलीतून बाहेर आली नाही. आत्याने दार ठोठावले, थोडा वेळ थांबली, आणि गेली. तिने पायात बूट चढवले ते माझ्यासमोरच. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

केंद्रातून दर दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेअकराला संगणकावरून बोलता येई. प्रत्येकाला बारा मिनिटे. ती बाबांच्या संगणकावर बोलायची. बाबा, आई, ठकू सगळे भोवती बसायचे. आजी त्या वेळी स्वयंपाकघरात भाजी निवडायची. पाच वेळा बोलणे झाले आणि पाचही वेळा आजीने भाजी निवडली. आत्या शेवटी विचारायची, "आई आहे का तिथे?" बाबा म्हणायचे, "आहे, कामात आहे."

त्या पाचव्या खेपेस आत्याने सांगितले की आता हिवाळ्याची वादळे सुरू होणार, मोठा अँटेना उतरवून ठेवणार. म्हणजे आणखी एकदाच बोलता येईल. त्यानंतर चार महिने नाही.

दोन दिवसांनी आजीने जेवताना जाहीर केले. "पुढच्या खेपेला मी बोलणार आहे. माझ्या खोलीत, माझ्या संगणकावर. दार लावून. तिला तसं कळवा."

ठकूने दुसऱ्याच दिवशी आपले हेडफोन आजीला दिले. आजीने ते डोक्यावर चढवले, कानाशी नीट बसवले आणि म्हणाली, "हा तर माझा जुनाच मुकुट आहे."

त्याच आठवड्यात आजीची थोरली बहीण राहायला आली. ठकूची मावशीआजी. ठणठणीत बाई, गोड बोलणारी आणि स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घेऊन फिरणारी. त्यावर ती पत्ते खेळायची, समोर कोण आहे याची पर्वा न करता. बोलण्याच्या शनिवारी आईला प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कॉलेजात जावे लागले. तिची खोली आणि तिची वायर मोकळी होती. ती मावशीआजीला द्यायचे ठरले. नंबर द्यायला बाबा यादीपाशी आले. मागून मावशीआजीही आली आणि चष्मा कपाळावर नेऊन तिने यादी वाचली.

"हे ज्येष्ठतेने लावलंय वाटतं?"

"हो मावशी."

"मग मला कितवा देतोस? सहावा? नातीच्याही खाली?"

"तसं नाही."

"नाही, दे बापड्या. पाहुणीच मी. धाकट्या बहिणीचा दुसरा आणि माझा सहावा. आमच्या वडिलांनी पाहायला हवं होतं."

ती चिडवत होती, पण बाबा भिडस्त. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि यादीच्या तळाशी लिहिले, मावशी दोन.

"पण दोन आजीचा आहे," ठकू म्हणाली.

"आजी एक घर सरकेल. बाकावर नाही का आपण सरकून बसत?"

पुलाच्या खांबाची जागा बोटभर सरकली तर रात्रभर न झोपणारा हा माणूस. पण माणसांच्या मानाची गोष्ट आली की त्यांचे गणित सुटते. त्यांनी मावशीआजीच्या लॅपटॉपमध्ये दोन भरले. आजीच्या संगणकात काहीच बदलले नाही. तो तेव्हा बंद होता. नंतर बदलू म्हणाले आणि मावशीआजीचा चहा करण्यात विसरून गेले.

सव्वाअकराला आजीने आपला संगणक लावला. मावशीआजीचा लॅपटॉप झाकण मिटून झोपला होता, म्हणून काही अडले नाही. साडेअकरा वाजले. आजीने खोलीचे दार लावले. दूरवरून आलेली पहिली पाकिटे मी उचलली आणि दोन नंबरला दिली.

त्याच मिनिटाला आईच्या खोलीत मावशीआजीने लॅपटॉपचे झाकण उघडले. पत्त्यांचा डाव अर्धा राहिला होता.

मित्रांनो, इथे माझी बाजू ऐका. मला मधूनमधून विचारावे लागते, की दोन नंबर कोण? ज्याचा नंबर तो उत्तर देतो, मी. त्या दिवशी मी विचारले आणि दोन खोल्यांतून दोघांनी सांगितले, मी. माझा नियम असा, की शेवटचे उत्तर खरे मानायचे. कधी आजीचा संगणक शेवटी बोले, कधी लॅपटॉप. मग आत्याचे चार शब्द आजीला जात आणि पुढचे चार मावशीआजीच्या लॅपटॉपला. त्याला ते ओळखीचे नव्हते. तो ते टाकून देई. बर्फावरून, उपग्रहावरून, इतक्या दूर आलेले शब्द शेवटच्या वीस पावलांत वाया जात होते, आणि ते देणारा मी होतो.

दोन्ही पडद्यांवर एक छोटी सूचना उमटली, की हा नंबर दुसऱ्या कोणाकडे आहे. मावशीआजीने ती न वाचता बंद केली, कारण तिच्याखाली इस्पिकची राणी झाकली जात होती. आजीनेही बंद केली, कारण तिच्याखाली लेकीचे नाव झाकले जात होते.

दार उघडले. आजी बाहेर आली. हेडफोन गळ्यात.

"तिचा आवाज येतोय आणि जातोय. 'आई' एवढं ऐकू आलं. पुढे काही नाही."

"माझ्या संगणकावर ये," बाबा म्हणाले.

"तिथे तुम्ही सगळे असता. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलायचं असतं, तर पाच वेळा बोलले असते."

"मग हा म्हातारा दमला असेल." बाबा माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. "याला बंद करून चालू करतो."

त्यांचे बोट माझ्या बटणावर आले. मला पूर्ण जागे व्हायला चार मिनिटे लागतात. आणि चार मिनिटांनी काय होणार होते? पुन्हा तेच दोन दोन नंबर.

"हात काढ," आजी म्हणाली. आवाज चढला नव्हता. एकशे वीस खोल्यांना जो आवाज ऐकू जायचा, तो हाच असावा. "कारण कळल्याशिवाय बोर्ड बंद करायचा नसतो. किती वेळ गेला?"

"तीन मिनिटं," ठकू म्हणाली.

आजीने एक हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. "आवाज बिघडलेला नाही. येतो तेव्हा स्वच्छ येतो. मग मधली वाक्यं जातात कुठे? तुटत नाहीयेत, दुसरीकडे जातायत." तिने डोळे उघडले. "एका नंबरवर दोन घरं लागली की असंच व्हायचं. दुसरा कोण बसलाय माझ्या नंबरवर?"

ठकूने कपाटाचे दार उघडून धरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. यादी माझ्या डोक्यावरच होती. वर शाईने आजी दोन, खाली पेन्सिलीने मावशी दोन.

"एका म्यानात दोन तलवारी घातल्यास रे," आजी म्हणाली.

"मी मावशीला सांगतो उठायला."

"थोरली आहे ती. बसली आहे तर बसू दे."

"अगं, पण नंबर तुझा आहे."

"नंबर घेऊन काय करू? मला लेकीशी बोलायचंय. यादीतला शेवटचा मोकळा कोणता?"

"सहा," ठकू म्हणाली.

"मग मी सहा."

आजी खोलीत गेली. नंबर कुठे भरायचा ते आईने तिला वहीत लिहून दिले होते. पण वही काढली नाही. एकतीस वर्षे एका खाचेतली दोरी उपसून दुसरीत खोचणारी बोटे ती. तिने दोन पुसले आणि सहा लिहिले. दार लागले. मी विचारले, सहा कोण? एकच उत्तर आले, मी.

साडेसहा मिनिटे उरली होती.

त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी पाकिटे फोडत नाही, हे आधीच सांगितले. पण पाकिटांचे वजन मला कळते. माणूस गप्प असेल तर पाकिटे हलकी येतात, बोलत असेल तर भरलेली. पहिले वीस सेकंद दोन्हीकडची पाकिटे हलकी होती. मग आजीकडून भरलेली गेली, बराच वेळ. मग तिकडून आली. आणि शेवटच्या मिनिटात दोन्हीकडून एकदम भरलेली. म्हणजे दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींनाही ते चालत होते. त्यातले एकही पाकीट मी चुकवले नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सर्वांत मोठा अभिमान आहे तो त्या साडेसहा मिनिटांचा.

आजी बाहेर आली तेव्हा मावशीआजी दारात उभी होती. तिला एव्हाना सगळे कळले होते.

"मला सांगायचंस की गं. मी काय पत्ते घेऊन पळणार होते?"

"तू डाव जिंकलीस का, अक्का?"

"हरले."

"मग ठीक," आजी म्हणाली. जाताजाता तिने माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

संध्याकाळी आई आली. तिने यादी पाहिली, बाबांकडे पाहिले आणि पेन्सिलीची ओळ खोडून मावशीआजीला सात नंबर दिला. बाबांनी त्या रात्री भांडी घासली. मग आईने आजीला विचारले, "तुमचा दोन परत लावू का?"

"राहू दे," आजी म्हणाली. "सहावरच बरं आहे."

पुढे चार महिने केंद्रातून आवाज आला नाही. पण लहान अँटेनावरून आठवड्याला एक छोटे पत्र यायचे, आणि ते सहा नंबरला जायचे. मी कामात कुचराई केली नाही. पावसाळ्यात माझ्या शेजारी ओले बूट ठेवले गेले. कोणीतरी जुना मफलर माझ्या पंख्यावर टाकला आणि मी तीन दिवस तापलेल्या डोक्याने काम केले. चौथ्या दिवशी ठकूने तो काढला. इंटरनेट चालले तर माझे नाव कोणी काढत नसे, बंद पडले तर सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहत. तक्रार नाही. दाराचे काम असेच असते.

मग एक पांढरी डबी आली. हाताएवढी, दोन कान असलेली. तिला वायरी लागत नाहीत. नंबरही ती स्वतःच वाटते. आईने सगळे तिच्याकडे सोपवले आणि माझा हिरवा दिवा विझला. मी कपाटाखालीच राहिलो. यादीचा पुठ्ठा गळून माझ्या डोक्यावर पडला आणि त्यावर धूळ साचली.

आणि एका दुपारी ओळखीचे बूट समोर येऊन थांबले. या खेपेस नाडी पटकन सुटली. आत्या होती. तिने जोडे कपाटात ठेवले, वाकली आणि मला पाहिले.

"हा अजून आहे इथे?"

"भंगारवाला रविवारी येणार आहे," बाबा आतून म्हणाले.

आत्याने खिशातून रुमाल काढला. पुठ्ठा उचलला, वाचला. मग माझा पत्रा नीट पुसला, कोपऱ्यांसकट. "याला नका देऊ," ती म्हणाली. "तिकडे असताना मी या घरात आले ती याच दारातून."

म्हणून मी अजून इथे आहे आणि तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे यंत्र असेल, जे दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्यावर मफलर टाकू नका. त्याच्या पंख्याला श्वास घेऊ द्या. बिघाड झाला की कारण शोधल्याशिवाय त्याचे बटण दाबू नका. ते जुने झाले तर खुशाल नवे आणा, पण त्याला बाहेर काढण्याआधी एकदा रुमालाने पुसा आणि आठवा, की त्याच्यातून कोण कोण तुमच्यापर्यंत आले.

मी एक नंबर होतो, पण तो अभिमान आता मला फारसा उरलेला नाही. दुसरा एक आहे. पांढरी डबी सगळ्यांना मनाला येईल ते नंबर देते, आज हा तर उद्या तो, आणि कोणाची काही हरकत नसते. फक्त आजीने आईला सांगून एक नंबर कायमचा बांधून घेतला आहे. तो दोन नाही. तो सहा आहे.